मुंबईत गे म्हणून राहायचं तर: शहराचा रिव्ह्यू, भाडेकरारापासून हॉस्पिटलच्या सहीपर्यंत

राहण्याचं शहर म्हणून मुंबईला पाचपैकी साडेतीन. जो दीड गुण कापलाय तो जवळजवळ सगळा घरभाड्याचा आणि सोसायट्यांचा आहे. माणसांच्या वागण्यासाठी फार तर पाव. सांगली, लातूर, अकोल्याहून इथे यायचा विचार करणाऱ्यांनी हे आधी ऐकून घ्यावं, कारण बहुतेक जण प्राइडचे, म्हणजे समलिंगी समुदायाच्या वार्षिक मोर्चाचे, फोटो बघून शहर ठरवतात. प्राइड वर्षातून एक दिवस असतो. सोसायटीचा सेक्रेटरी लिफ्टमध्ये रोज भेटतो.

मुंबईची मोठी जमेची बाजू म्हणजे इथे कुणाला वेळ नाही. दोन पुरुष चार वर्षं एका घरात राहतायत, रविवारी एकत्र भाजी आणतायत, याची नोंद ठेवायला शेजाऱ्याला फुरसत नसते. याला स्वीकार म्हणायची घाई करू नका, पण ज्याने "मग, लग्नाचं काय?" हा प्रश्न प्रत्येक वास्तुशांतीला ऐकलाय त्याला या दुर्लक्षाची किंमत कळते.

दुसरी बाजू संस्थांची. 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक १९९० मध्ये निघालं, अशोक राव कवींनी उभा केलेला हमसफर ट्रस्ट १९९४ चा, गे बॉम्बे हा गट १९९८ चा. ऑगस्ट क्रांती मैदानातून पहिला क्विअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) आझादी मोर्चा, म्हणजे मुंबईची प्राइड, १६ ऑगस्ट २००८ ला निघाला, कशिश चित्रपट महोत्सव २०१० पासून. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सर्वोच्च न्यायालयाने काढला तो ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे त्याआधी, बहुतेक काळ कायदा विरोधात असताना, या शहरात अठ्ठावीस वर्षं कामं चालू होती. त्याचा उपयोग आज असा, की समजून घेणारा डॉक्टर, वकील, समुपदेशक शोधायला इथे शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. वाकोल्याला, सांताक्रूझ पूर्वेला, हमसफरकडे एक फोन केला तरी चार नावं मिळतात.

घर: सगळं इथेच अडतं

एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला: "फॅमिली है या बॅचलर?" या प्रश्नात गे जोडप्याला रकाना नाही, त्यामुळे तुम्ही बॅचलर. पगार कितीही असो, "फॅमिली ओन्ली" वाल्या इमारती तिथेच गळतात. उरलेल्यांत दुसरी अडचण निघते. दोन पुरुषांनी १ बीएचके मागितला की एजंट विचारतो, "बेडरूम तो एकही है, चलेगा?" आणि लगेच २ बीएचके दाखवायला लागतो. दोन्हींच्या भाड्यात दहा-पंधरा हजारांचा फरक सहज पडतो.

इथे बरेच जण "आम्ही चुलत भाऊ" म्हणून मोकळे होतात. ही युक्ती टिकत नाही. भाडेकराराला दोघांची आधार कार्डं लागतात, भाडेकरूंची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवताना दोघांचे फोटो आणि मूळ गावचे पत्ते द्यावे लागतात, आणि त्याची प्रत सोसायटीच्या ऑफिसात जाते. एक कुलकर्णी, दुसरा फर्नांडिस, एकाचं गाव मिरज, दुसऱ्याचं वसई. खोटं पकडलं गेलं की मग तुम्ही गे असण्यापेक्षा खोटं बोललात हा मुद्दा होतो आणि मालक तुमच्या बाजूने उभा राहत नाही. त्यापेक्षा "दोघं नोकरी करतो, खर्च वाटून घेतो, १ बीएचके परवडतो" एवढं खरं आणि पुरेसं आहे. नातं काय, हे कुठल्याही फॉर्ममध्ये विचारलेलं नसतं. मालकाला सांगायचं का, हा तुमचा प्रश्न. सांगणार असाल तर टोकन (घर पक्कं करायची आगाऊ रक्कम) देण्याआधी सांगा. नंतर सांगितलं आणि त्याने पाय मागे घेतला तर टोकन परत मिळवता मिळवता नाकी नऊ येतात.

सोसायटीचा अधिकार किती, हेही माहीत असावं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत, पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. "बॅचलरना देऊ नये" असा ठराव वहीत लिहिला म्हणून तो कायदा होत नाही. मग गोष्ट बिघडते कुठे? भांडायचा हक्क सभासदाचा म्हणजे मालकाचा, आणि मालकाला दुसरा भाडेकरू आठवड्यात मिळतो. तुमच्यासाठी तो सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार घेऊन जाणार नाही. म्हणून घर बघायला जाल तेव्हा टाइल्स आणि पाण्याची वेळ यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: या इमारतीत सध्या किती फ्लॅट बॅचलरना दिलेत? उत्तर शून्य असेल तर पहिले तुम्ही होऊ नका.

आता कराराचं. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे नेहमीचा भाडेकरार, लेखी करून नोंदवणं सक्तीचं आहे, मुदत ११ महिन्यांची असली तरी, जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या रकमेच्या ०.२५ टक्के. भाडं ४०,००० आणि डिपॉझिट दीड लाख धरलं तर ११ महिन्यांना ४,४०,००० अधिक १३,७५०, त्यावर साधारण १,१३४ रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,०००. एजंट घरी येऊन अंगठा घेतो त्याचे पैसे वेगळे.

अंगठा देण्याआधी मसुदा मागवून वाचा. लोक वाचत नाहीत. यंत्रावर बोट ठेवतात आणि पेढा खातात. तीन ठिकाणी बघायचं. एक, लायसेन्सी (म्हणजे भाडेकरू) म्हणून दोघांची नावं आहेत का. एकाचंच नाव असेल तर दुसरा कागदावर पाहुणा, आणि उद्या पहिल्याची बदली झाली किंवा भांडण झालं तर दुसऱ्याला त्या घरात राहण्याचा कसलाच आधार नाही. दोघांची नावं असली की तोच करार बँकेत, गॅससाठी पत्त्याचा पुरावा होतो, आणि तुम्ही कधीपासून एकत्र राहता याची सरकारदरबारी तारीख पडते. पुढे फार उपयोगी पडते ही तारीख. दोन, "रात्री पाहुणे राहू नयेत" किंवा "सोसायटीने हरकत घेतल्यास ताबडतोब घर रिकामं करावं" असं वाक्य घुसवलंय का. ते काढून घ्या. निघत नसेल तर "ताबडतोब"च्या जागी एक महिन्याची नोटीस आणि डिपॉझिटची पूर्ण परतफेड लिहून घ्या. तीन, लॉक-इन (ठरावीक काळ करार न मोडण्याची अट) दोन्ही बाजूंना आहे का. बऱ्याच मसुद्यांत ते फक्त भाडेकरूला असतं.

आणि ११ महिन्यांच्या फेऱ्यात अडकू नका. करार ३३ महिन्यांचा केला, भाडं स्थिर धरलं, तर वरच्याच आकड्यांवर शुल्क साधारण ३,४०३ आणि फी एकदाच १,०००. तीन वेळा ११ महिने केले तर साडेसहा हजारांच्या आसपास, शिवाय एजंट दर वेळी एका महिन्याचं भाडं मागणार. पैशापेक्षा मोठा फायदा हा, की सोसायटीसमोर दरवर्षी नव्याने हजेरी लावावी लागत नाही.

कुठे राहायचं? वर्सोवा, ओशिवरा, लोखंडवाला या पट्ट्यात सिनेमा-मालिकांतली एकटी राहणारी मंडळी इतकी आहेत की तिथल्या सोसायट्या बॅचलरना सरावल्यात. प्रश्न भाड्याचा, १ बीएचके पस्तीस-चाळीस हजारांच्या खाली मिळणं कठीण. पवई-चांदिवलीला आयटीवाले आणि आयआयटी, तिथेही दोन पुरुषांचं घर ही बातमी नाही. सांताक्रूझ पूर्व, कलिना, वाकोला भागात जुन्या इमारती, लहान खोल्या, पण सगळीकडे पोचायला सोयीचं, आणि मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून दक्षिण मुंबईही जवळ आली. मिरा रोड आणि खारघर स्वस्त. मात्र चर्चगेटहून शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते, मग चारनंतरच. मिरा रोडला राहणाऱ्याची प्रत्येक पार्टी एकतर बाराला संपते किंवा पहाटे. दादर, गिरगाव, पार्ले पूर्व इथे मराठी माणसाला घर लवकर मिळतं, पण आडनावावरून गाव, गावावरून नातेवाईक असा शोध दोन दिवसांत पूर्ण होतो आणि तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू पुतणीचं स्थळ घेऊन खाली येतात. प्रेमानेच येतात. ज्याने घरी सांगितलेलं नाही त्याने हा भाग टाळलेला बरा.

टॉवर की जुनी इमारत, यावर एक अनुभवाचं मत. टॉवरमध्ये शेजारी ओळखत नाहीत हे खरं, पण गेटवरच्या ॲपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, फोटो, वेळ नोंदली जाते, आणि त्या फ्लॅटच्या खात्यात मालकही जोडलेला असू शकतो. राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी ॲपमध्ये घराच्या सदस्यांची यादी उघडून बघा. जुन्या चार मजली इमारतीत ॲप नसतं, वॉचमन असतो. तो जास्त बघतो, पण लिहून ठेवत नाही. कामाला येणाऱ्या मावशींना मात्र दोन्हीकडे दोन दिवसांत सगळं कळतं, आणि त्या त्याच मजल्यावर आणखी तीन घरं करतात.

कागदपत्रं: लग्न नाही, म्हणून हे सगळं

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. तेव्हा मुंबई काय आणि बेंगळुरू काय, कायद्याने तुम्ही दोघं एकमेकांचे कुणी नाही. त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राकडून काही खुलासे आले: क्विअर व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि पार्टनरला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, रेशन कार्डासाठी पार्टनर एकाच कुटुंबातले धरावेत, जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा पार्टनरला पार्थिव ताब्यात घेता यावं. काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही. या खुलाशाच्या पत्राची छापील प्रत न्या, वाद घालू नका, प्रत पुढे सरकवा. खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीचं मागा, म्हणजे एकाच्या मागे दुसऱ्याला पैसे काढता येतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या ॲक्सिस बँकेने २०२१ मध्येच पार्टनरसोबतच्या संयुक्त खात्याचं आणि कर्मचाऱ्यांच्या पार्टनरला मेडिक्लेममध्ये घेण्याचं धोरण जाहीर केलं होतं. नोकरी बदलताना एचआरला हा मेडिक्लेमचा प्रश्न विचारावा. टी-शर्टावरच्या इंद्रधनुष्यापेक्षा त्याचं उत्तर जास्त सांगून जातं.

नॉमिनी म्हणजे वारस, हा गैरसमज सर्वात महागात पडतो. सोसायटीत नॉमिनी म्हणून पार्टनरचं नाव असलं तरी त्याला मिळते ती तात्पुरत्या सभासदाची जागा. फ्लॅट अखेर मृत्युपत्राप्रमाणे किंवा कायदेशीर वारसांकडे जातो. मृत्युपत्र नसेल तर वारस म्हणजे आई, भाऊ, पुतणे, आणि ज्याने पंधरा वर्षं हप्ते भरले तो बाहेर. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार हवेत. नोंदणी करून टाकावी, आणि ज्याला द्यायचंय त्यालाच साक्षीदार करू नये. हयातीत बक्षीसपत्र करायचा मोह टाळा: नवरा, बायको, मुलं यांना राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर २०० रुपयांत मिळते ती सवलत पार्टनरला नाही, आणि नातेवाईक नसलेल्याकडून वर्षाला ५०,००० हून अधिक भेट मिळाली तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. या कराच्या भेदाविरुद्ध २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आहे. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर हा कर नाही.

हॉस्पिटल आणि डॉक्टर

अपघात विभागात "पेशंटचे नातेवाईक कोण?" अशी हाक आली की पार्टनरने पुढे जायचं आणि "मी सोबत राहतो" म्हणायचं, तातडीच्या उपचाराला बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. अडतं ते दुसऱ्या दिवशी, आयसीयूच्या दारात, गावाहून भाऊ येतो तेव्हा. साधं कुलमुखत्यारपत्र इथे कच्चं ठरतं, कारण देणाऱ्याची शुद्ध हरपली की त्याचा जोरही संपतो. त्याहून उपयोगी कागद म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. यंत्रांवर ठेवायचं की नाही, हा निर्णय तुमच्या वतीने कोण घेईल, त्याचं नाव त्यात लिहायचं. एकाहून अधिक नावंही चालतात. असं इच्छापत्र जपून ठेवण्यासाठी मुंबई महापालिकेने वॉर्डांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना नेमलेलं आहे, आणि ही सोय या शहराची खरंच चांगली आहे. एक प्रत तिकडे, एक घरी, एक फोनमध्ये.

मानसिक आजाराच्या बाबतीत कायदा आणखी स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली कुणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईक असावा अशी अट नाही. लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही, हेही त्याच कायद्यात आहे. "औषधाने, थेरपीने बदलून देतो" म्हणणारा मनोविकारतज्ज्ञ भेटलाच, तर अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. एक फट अशी, की हे डॉक्टरांना लागू आहे. डॉक्टर नसलेल्या समुपदेशकाकडे आधी चौकशी करूनच जा.

एचआयव्ही तपासणी महापालिकेच्या रुग्णालयांत फुकट होते, उपचारही फुकट. प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध) खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं; सुरू करण्याआधी एचआयव्ही आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), मग दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. धोका होऊन गेला असेल तर ७२ तासांच्या आत पेप (धोक्यानंतर संसर्ग टाळायला घ्यायचं औषध) सुरू झालं पाहिजे, २८ दिवस. जितकं लवकर तितकं चांगलं. शुक्रवारी रात्री काही घडलं तर सोमवारी ओपीडीत जाऊ म्हणू नका.

बाकीचं

कायम चालणारा असा गे बार मुंबईत नाही. नेहमीच्या पबमध्ये ठरावीक रात्री पार्ट्या होतात, जागा बदलत राहतात. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, दारात ओळखपत्र बघतात. न पिणाऱ्यांना लिबर्टीसारख्या थिएटरातला कशिशचा आठवडा आणि हमसफरच्या बैठका जास्त आवडतील. आई-बाबांसाठी 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' हा पालकांचाच गट आहे. मुलाने दहा वेळा सांगून जे होत नाही ते दुसऱ्या आईच्या एका फोनने होताना दिसतं.

सार्वजनिक ठिकाणी हात धरला तर कुणी मारायला येत नाही. बँडस्टँडवर बिलगून बसलात तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ११० दाखवून हवालदार येऊ शकतो. दंड १,२०० रुपयांपर्यंत. हेच कलम मुला-मुलींच्या जोडप्यांनाही लावतात, २०१५ मध्ये मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांत लावलं होतं. पावती मागा, रोख "समझोता" करू नका.

खरा धोका डेटिंग ॲपवरच्या टोळ्यांचा. गोड बोलून फ्लॅटवर किंवा सुनसान जागी बोलवायचं, व्हिडिओ काढायचा, मग यूपीआयने पैसे. पहिली भेट स्टेशनजवळच्या गर्दीच्या कॅफेत, आधी व्हिडिओ कॉल, आणि एका मित्राला लाइव्ह लोकेशन. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन आणि पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीची तक्रार. "घरी सांगेन" ही धमकी २०१८ नंतर गुन्हेगाराच्या हातातलं एकच हत्यार उरलंय. एकदा पैसे दिले की मागणी वाढते.

पुण्याशी तुलना होणारच. तिथे समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये निघाला, प्राइड २०११ पासून. भाडं बरंच कमी, डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं. विमाननगर, खराडी, बाणेरला आयटीवाल्या दोन पुरुषांना घर सहज मिळतं. पण पुण्यात सकाळी जंगली महाराज रस्त्यावर जोडीने दिसलात तर संध्याकाळी साताऱ्याच्या मावशींना माहीत झालेलं असतं. घरी सांगून झालंय आणि पगार चाळीस-पन्नास हजारांच्या आत आहे, तर पुणं घ्या, मुंबईपेक्षा मोठी खोली आणि कमी धावपळ मिळेल. बेंगळुरूत 'गुड ॲज यू' हा गट १९९४ पासून आहे आणि कंपन्यांची धोरणं चांगली. डिपॉझिट मात्र जास्त आणि कन्नड शिकायची तयारी हवी. नागपूरकरांनी स्थलांतराआधी तिथल्या सारथी ट्रस्टला भेटून घ्यावं, सगळ्यांनाच शहर सोडायची गरज नसते.

घरी अजून सांगितलेलं नाही, एकट्याने सुरुवात करायचीय, तर मुंबईच. पहिले सहा महिने शेअरिंगमध्ये काढा, अंधेरी किंवा सांताक्रूझला, लॉक-इन नसलेल्या जागी. कोणत्या इमारती बॅचलरना देतात, कोणता एजंट फालतू प्रश्न विचारत नाही, हे तोवर आपोआप कळतं. मग मार्च-एप्रिलमध्ये घर शोधायला लागा; जूनमध्ये कॉलेजं सुरू होताना भाडी चढतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या घराची गळती करार झाल्यावरच दिसते.